दात वयाने जात नाहीत

उलव्याच्या नव्या वसाहतीत, आणि तिच्या पोटात अद्याप टिकून राहिलेल्या जुन्या गावठाणांतही, दातांविषयी एक मत इतक्या निश्चयाने बोलले जाते की ते केवळ मत आहे याचाच बोलणाऱ्यास विसर पडतो आणि तो त्यास अनुभव म्हणू लागतो. या मताची पाच कलमे आहेत. दातांवरचे किटण डॉक्टरकडून काढून घेतले की दात सैल होतात व त्यांच्यात फटी पडतात, हे पहिले कलम. घासताना हिरड्यांतून रक्त आले तर ते अंगात उष्णता वाढल्याचे चिन्ह होय, आणि हिरडी शांत होईपर्यंत त्या जागी ब्रश लावू नये, हे दुसरे. उलव्याच्या नळाचे पाणी आणि इथली धूळच अशी की दातांवर थर चढायचाच, हे तिसरे. मशेरी लावणाऱ्या आमच्या आजीचे दात अखेरपर्यंत शाबूत होते, हे चौथे. आणि वय झाले की दात जायचेच, त्याला कोण काय करणार, हे पाचवे. पहिली चार कलमे कोणी खोडून काढली तरी या पाचव्याच्या आश्रयाला जाऊन सारे मत पुन्हा सुरक्षित होते.

हे मत मांडणारी माणसे अज्ञ नाहीत, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. त्यांत पहाटेची लोकल गाठून मुंबईच्या कचेऱ्यांत हिशेब तपासणारे गृहस्थ आहेत, ज्यांच्या जमिनी सिडकोने संपादिल्या आणि ज्यांनी त्यांचा एकेक कागद जपून ठेवला असे जुने खातेदार आहेत, आणि घरातील चार पिढ्यांची दुखणी काढलेल्या आजीबाईही आहेत. त्यांनी जे पाहिले ते बव्हंशी खरेच पाहिले. पाहिल्यावरून त्यांनी जे अनुमान काढले ते मात्र खोटे आहे. आपल्या शास्त्रार्थाच्या परंपरेत पूर्वपक्ष त्याच्या संपूर्ण बळानिशी मांडून मगच उत्तरपक्षास आरंभ करण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकास तीच रीत येथे पाळावयाची आहे. कारण या पाच कलमांपायी चाळिशी-पन्नाशीतली धडधाकट माणसे आपल्या दाढा एकेक करून गमावीत आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा वाचविता आल्या असत्या.

प्रथम रोगाचे स्वरूप. दात हा हाडात ठोकलेला खिळा नव्हे. त्याचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये सूक्ष्म तंतूंचा एक पडदा असतो. हे तंतू एका टोकाने मुळाला व दुसऱ्याने हाडाला धरून असतात, आणि त्यांच्या आधारावर दात चावण्याचा भार सोसतो. वरून हिरडीची कड दाताभोवती घट्ट बसून ही सारी व्यवस्था झाकते. निरोगी हिरडी व दात यांच्यामधील फट दोन-तीन मिलिमीटरांहून खोल नसते. दात घासल्यानंतर काही तासांतच त्याच्या पृष्ठभागावर जंतूंचा चिकट, पांढुरका थर पुन्हा धरू लागतो. नखाने खरवडले असता तो नखावर दिसतो. हा थर हिरडीच्या कडेशी राहू दिला की शरीर त्याच्याशी झुंजू लागते, हिरडी लाल होते, सुजते, आणि जरा धक्का लागताच तिच्यातून रक्त येते. या पायरीपर्यंत सारे पूर्ववत् होऊ शकते. झुंज महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालू राहिली तर पुष्कळांच्या बाबतीत सूज आत उतरते, तंतू तुटतात, हाड विरते, दोन मिलिमीटरांच्या फटीचा पाच, सहा, आठ मिलिमीटरांचा खिसा होतो, आणि त्या खिशात ब्रश पोहोचत नसल्याने जंतूंना निर्वेध वस्ती मिळते. एकदा विरलेले हाड बहुधा परत येत नाही. ज्यास आपल्याकडे पायोरिया म्हणतात तो हाच. आणि या रोगाचे सर्वांत मोठे कपट असे की, दात हलू लागेपर्यंत तो क्वचितच दुखतो.

आता कलमवार विचार करू. आणि दुसऱ्या कलमापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण रक्ताचा अर्थ लागला म्हणजे बाकीच्यांचा मार्ग मोकळा होतो.

रक्त उष्णतेने येते की जंतूंच्या थराने, हा प्रश्न तर्कावर सोडून देण्याची आवश्यकता उरलेली नाही. १९६५ साली त्याची प्रत्यक्ष परीक्षा झालेली आहे. डेन्मार्कमधील आर्हुस येथे हाराल्ड लोए व त्यांचे सहकारी यांनी हिरड्या निरोगी असलेल्या १२ व्यक्तींना, ज्यांत बहुसंख्य दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते, दात घासणे पूर्णपणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांच्या आत त्या सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. मग त्यांना पुन्हा दात नीट घासावयास लावले, आणि सुमारे आठवडाभरात हिरड्या पूर्वस्थितीस आल्या. थर साचू दिला तेव्हा रोग आला आणि थर काढला तेव्हा रोग गेला. कार्यकारणभावाचा याहून स्वच्छ पुरावा वैद्यकात क्वचितच मिळतो. आता आपल्या घरातील उपदेशाकडे पाहा. रक्त येते म्हणून त्या जागी ब्रश लावू नका, असे सांगणारा माणूस, ज्या थरामुळे रक्त आले तो थर तसाच राहू द्या, असे सांगत असतो. चार दिवस ब्रश न लावल्याने रक्त दिसत नाही हे खरे. पण धक्काच लागला नाही तर ते दिसणार कसे? फिर्यादीला कचेरीत येऊ न देऊन फिर्याद निकालात निघत नसते. रक्त येते त्याच जागी मऊ ब्रशाने, बेताच्या हाताने, पण चुकवाचुकव न करता घासणे हाच त्या रक्तावरचा पहिला इलाज आहे; आणि आठ-पंधरा दिवस असे करूनही रक्त थांबले नाही तर खिसा ब्रशाच्या पोहोचीपलीकडे गेला आहे असे समजून दंतवैद्याकडे जाणे, हा दुसरा. आवळा-लिंबू खाण्याचा सल्लाही याच संदर्भात मिळतो. क जीवनसत्त्वाच्या आत्यंतिक अभावाने स्कर्व्ही होऊन हिरड्यांतून रक्त येते हे निर्विवाद. परंतु चौरस आहार घेणाऱ्या माणसाच्या हिरडीवरचा जंतूंचा थर आवळ्याने निघत नाही. आवळा अवश्य खावा, आणि दातही घासावेत.

तिसरे कलम पाण्याचे आणि धुळीचे. उलवेकरांची या दोहोंविषयीची तक्रार मुळात निराधार नाही. हेटवणे धरणाचे पाणी वसाहतीला मिळते, ते अपुरे पडल्याची हाकाटी दर उन्हाळ्यात उठते. विमानतळासाठी टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला, आणि त्या वर्षांत सुरुंग व धूळ यांचा उपद्रव या भागाने पुरेपूर सोसला. म्हणूनच, जे काही बिघडते त्याचा आरोप पाण्यावर आणि धुळीवर ठेवण्याची सवय येथे लागली असल्यास नवल नाही. परंतु दातांवरच्या किटणाच्या बाबतीत हे दोघेही निर्दोष आहेत. किटण म्हणजे जंतूंच्या त्याच थरात चुना व स्फुरद यांचे क्षार बसून झालेले दगडी कवच. आणि हे क्षार नळाच्या पाण्यातून येत नाहीत, आपल्याच लाळेतून येतात. याची साक्ष कोणीही आरशासमोर स्वतः काढू शकतो. जिभेच्या टोकाने खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू चाचपून पाहा. किटण असेल तर ते प्रथम तेथे लागेल, खरबरीत, कडेला पायरी असल्यासारखे. त्यानंतरची त्याची आवडती जागा म्हणजे वरच्या दाढांची गालाकडची बाजू. याच दोन जागा का? कारण लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या नलिका याच दोन जागांसमोर उघडतात. उरणच्या बाजूला ज्यांनी मिठागरे पाहिली आहेत त्यांना हे समजावयास वेळ लागू नये: खाऱ्या पाण्याची वाट जिथे येते आणि पाणी जिथे ठरते तिथेच मीठ धरते. दोष पाण्याचा असता तर किटण सर्व दातांवर सारखेच चढले असते, आणि एकाच नळाचे पाणी पिणाऱ्या एका घरातील सर्व माणसांच्या दातांची अवस्था एकच असती. तशी ती नसते, हे त्या घरातील प्रत्येकास ठाऊक असते.

आता पहिले कलम, जे सर्वांत प्रचलित आणि सर्वांत अनर्थकारक आहे. किटण काढल्याने दात सैल होतात, असे म्हणणाऱ्याने काय पाहिले? त्याने असे पाहिले की काकांचे दात डॉक्टरकडे जाण्यापूर्वी घट्ट होते. डॉक्टरने यंत्र लावले. घरी आल्यावर काकांना दात हलल्यासारखे वाटले, दातांच्या मध्ये काळ्या फटी दिसू लागल्या, आणि थंड पाणी झोंबू लागले. यांतील एकही गोष्ट कल्पित नाही. पण दवाखान्याच्या त्या खुर्चीवर नेमके काय घडले, ते जवळून पाहिले पाहिजे. दंतवैद्याच्या हातातील अवजाराचे बोथट टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा कंप पावते, त्यावर पाण्याचा फवारा चालू असतो, आणि ते टोक किटणाच्या कडेला टेकले की किटणाचा तुकडा तडकून सुटतो. पिकदाणीत थुंकलेल्या पाण्यात तपकिरी, पिवळट खडे दिसतात. रोगी पुष्कळदा ते पाहून दचकतो आणि आपला दातच उडाला असे समजतो. वस्तुतः दातावरील कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून, योग्य रीतीने वापरलेल्या या अवजाराने तो झडत नाही. झडतो तो वर्षानुवर्षे चढलेला थर, ज्याने दातांमधल्या फटी लिंपून टाकल्या होत्या आणि ज्याच्या सलगपणामुळे मुळाशी आधार हरवलेले शेजारचे दात एकमेकांना जखडून उभे होते. थर निघाला, हिरडीची सूज आठवड्याभरात ओसरून ती आकसली, आणि हाड जिथपर्यंत विरले होते तिथपर्यंतचे मूळ उघडे दिसू लागले. फट किटण काढल्याने पडली नाही, ती आधीच पडलेली होती आणि किटणाने झाकलेली होती. दात यंत्राने सैल केला नाही. त्याचा आधार गेल्या दहा वर्षांत जंतूंनी खाल्ला होता, आणि ज्या दिवशी तो प्रकट झाला त्या दिवशी डॉक्टर समोर होता म्हणून आरोप त्याच्यावर आला.

यावर प्रतिपक्ष असे विचारील की, झाकलेले राहू दिले असते तर काय बिघडले असते? निदान दात तर जागेवर होते. हाच युक्तिवाद सर्वांत धोक्याचा आहे. किटणाचा पृष्ठभाग खरबरीत असतो, त्यावर जंतूंचा नवा थर दिवसेंदिवस अधिक सहजतेने धरतो, आणि तो थर हिरडीखाली हाडाकडे सरकत राहतो. म्हणजे ज्या आधारावर आपण विश्वासलो तोच आधार आतून दाताचे मूळ सोडवीत असतो. असा दात पाच वर्षे अधिक टिकल्यासारखा वाटेल. पण जाईल तेव्हा शेजारचे दोन घेऊन जाईल. उलटपक्षी, किटण काढल्यावर हिरडी पुन्हा दाताशी घट्ट बसते, खिसा उथळ होतो, आणि थोडे हललेले दात पुष्कळदा काही आठवड्यांत पूर्वीपेक्षा स्थिर होतात. थंड पाण्याचे झोंबणेही बहुधा काही दिवसांतच कमी होते. ज्यांचे हाड फारच गेले आहे त्यांचे काही दात तरीही वाचत नाहीत. परंतु तो दोष उशिरा जाण्याचा आहे, जाण्याचा नव्हे.

चौथे कलम मशेरीचे. कोकणपट्टीपासून घाटमाथ्यापर्यंत आणि देशावरही अनेक घरांत ही वस्तू आहे, म्हणून तिचा विषय कोणा एका समाजावर बोट न ठेवता काढला पाहिजे. तंबाखूची पाने तव्यावर काळपट होईतो भाजायची, हातानेच चुरायची, डबीत भरायची, आणि सकाळी त्यातली चिमूट तळहातावर घेऊन बोटाने हिरड्यांवर चोळत बसायचे. पुष्कळ बाया हे दिवसातून तीन-चार वेळा करतात, आणि पहिली चिमूट लागल्याशिवाय कामाला हात लागत नाही असे मोकळेपणी सांगतात. हे शेवटचे वाक्यच मशेरीविरुद्ध पुरेशी जबानी आहे. कारण दात स्वच्छ करणाऱ्या वस्तूवाचून माणसाचे हातपाय अडत नाहीत, ते अडतात व्यसनावाचून. मशेरीने हिरड्या घट्ट होतात आणि रक्त थांबते, असा जो अनुभव सांगितला जातो त्याचाही उलगडा आहे. तंबाखूतील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करते. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रोग बळावलेला असूनही रक्त कमी येते, हे दंतवैद्यकात सुप्रतिष्ठित झालेले निरीक्षण आहे. म्हणजे तंबाखूने रोग हटत नाही, त्याची खूण पुसली जाते. शिवाय तंबाखू जिथे रोज चोळली वा धरली जाते तिथली हिरडी मुळावरून मागे सरते, आणि तोंडाच्या कर्करोगाची जी भीती तिच्यासोबत येते ती येथे विस्ताराने सांगावयास नको. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू घालण्यास मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली ती मनाई उचलून धरली. तरीही २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. धूम्रपान करणारे ३.८ टक्केच होते. महाराष्ट्रात तंबाखू ही मुख्यत्वे तोंडात धरण्याची व चोळण्याची वस्तू आहे, आणि म्हणून हिरड्यांचा प्रश्न इथे तंबाखूच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही. राहिल्या त्या आजी, ज्यांचे दात अखेरपर्यंत शाबूत होते. त्या होत्या, यात संशय नाही. पण त्या मशेरीमुळे तशा नव्हत्या. त्या तशा का होत्या, हे पुढच्या कलमात येते.

पाचवे कलम वयाचे. वय आणि दातांचे जाणे यांचा संबंध मी नाकारीत नाही. साठीतल्या माणसाचे दात तिशीतल्या माणसापेक्षा अधिक गेलेले असतात, हे कोणीही पाहील. परंतु वय हे कारण आहे, की कारणाला मिळालेली मुदत आहे? याचे उत्तर आपल्या शेजारच्या देशातूनच मिळाले आहे. वर ज्यांचा उल्लेख आला त्या लोए यांनीच श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांवर राबणाऱ्या ४८० पुरुष मजुरांच्या दातांची १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षे पाहणी केली. हे लोक दात घासण्याची कोणतीही रूढ रीत पाळीत नव्हते. त्यांचे दात किडलेले मात्र जवळजवळ नव्हतेच, त्यामुळे जे दात गेले ते हिरड्यांच्या रोगानेच गेले, असे मानावयास जागा होती. त्यांपैकी ८ टक्के लोकांत रोग झपाट्याने वाढला आणि पंचेचाळिशीच्या सुमारास त्यांचे सारेच दात गेले. ८१ टक्क्यांत तो मध्यम गतीने वाढला. आणि ११ टक्क्यांत, दातांवर थर व किटण असूनही, तो हिरडीच्या सुजेपलीकडे गेला नाही. आपली मशेरीवाली आजी या शेवटच्या भाग्यवंतांपैकी असली पाहिजे. तिचे उदाहरण देणारा माणूस शंभरांतील अकरांचे नशीब उरलेल्या एकोणनव्वदांना नियम म्हणून सांगत असतो. आणि ज्यांचे दात गेले त्या आज्यांची साक्ष कोणी काढीत नाही, कारण त्यांची कवळी हा घरात चर्चेचा विषय होत नाही.

याच्या उलट चित्रही उपलब्ध आहे. स्वीडनमधील कार्लस्टाड येथे अ‍ॅक्सेलसन व लिंडे यांनी १९७२ पासून काही शे प्रौढांना घरी दात नीट स्वच्छ करावयास शिकविले आणि ठराविक मुदतीने त्यांची तपासणी व सफाई चालू ठेवली. तीस वर्षांनंतर त्या लोकांनी सरासरीने दोनहूनही कमी दात गमावले होते. त्यांचे वय तीस वर्षांनी वाढले नव्हते काय? जपानमध्ये १९८९ साली, ऐंशीव्या वर्षी निदान वीस दात शाबूत असावेत असे ध्येय ठरवून देशव्यापी प्रयत्न सुरू झाला. तेव्हा ते ध्येय दहांत एकालाही साधत नव्हते. २०१६ सालच्या पाहणीत ते निम्म्याहून अधिक वृद्धांना साधलेले होते. एका पिढीच्या अवधीत जपानी जबड्याची रचना बदललेली नाही, बदलली ती वहिवाट. जो परिणाम वहिवाटीने बदलतो त्यास वयाचा धर्म म्हणणे हा स्वतःच्या आळसाला निसर्गाचा शिक्का मारण्याचा प्रकार आहे.

या पाच कलमांखेरीज आणखी दोन आक्षेप आहेत, आणि ते अधिक विचारी लोकांकडून येतात.

पहिला असा की, दंतवैद्यकाचा आता धंदा झाला असून, दर सहा महिन्यांनी दात साफ करून घ्या हा उपदेश गल्ल्यासाठी आहे. या आक्षेपात सत्यांश आहे, आणि तो मान्य केल्यानेच माझा पक्ष बळकट होतो. वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या कोक्रेन या संस्थेने २०१८ साली असा निष्कर्ष काढला की, ज्यांच्या हिरड्यांचा विकार गंभीर नाही आणि जे नियमित तपासणीस जातात अशा प्रौढांचे दात दर सहा वा बारा महिन्यांनी सरसकट साफ केल्याने दोन-तीन वर्षांत हिरड्यांच्या प्रकृतीत फरक पडत नाही, किंवा पडला तरी तो नगण्य असतो. तेव्हा ज्याच्या हिरड्या निरोगी आहेत त्याने पंचांगाप्रमाणे सफाई करून घेतलीच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. पण हा निष्कर्ष ज्याचा विकार गंभीर नाही अशा माणसाचा आहे. ज्याच्या ब्रशावर रोज रक्त दिसते आणि ज्याच्या हिरडीत सहा मिलिमीटरांचा खिसा आहे त्याने तो आपल्या बचावास आणणे म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा सातबारा दाखवून आपली जमीन सांगणे होय. डॉक्टरवर संशय असेल तर त्याचा मार्ग डॉक्टरकडे न जाणे हा नसून त्याला प्रश्न विचारणे हा आहे: माझे खिसे मोजलेत काय, किती मिलिमीटर भरले, क्ष-किरण चित्रात हाड कुठवर आहे, आणि पुढच्या वेळी हेच आकडे पुन्हा मोजून दाखवाल काय? दाताभोवती सहा जागी बारीक मापकाडी घालून घेतलेली ही मोजणी म्हणजे या रोगाचा खरा दस्तऐवज आहे. तिच्यावाचून केलेल्या उपदेशावर विश्वास ठेवू नये, आणि ती झाल्यावर तिच्याकडे पाठही फिरवू नये. खर्चाचे म्हणाल तर उलव्याच्या आसपास नेरूळ, बेलापूर, खारघर आणि कामोठे येथे मिळून पाच दंत महाविद्यालये आहेत: डॉ. डी. वाय. पाटील, तेरणा, भारती विद्यापीठ, वाय. एम. टी. आणि एम. जी. एम. तेथील बाह्यरुग्ण विभागांत अध्यापकांच्या देखरेखीखाली, खाजगी दवाखान्याहून कमी खर्चात हे काम होते. बामणडोंगरी वा खारकोपरला गाडीत बसणाऱ्या माणसास यांतली पहिली तीन फार दूर नाहीत.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आमच्या पूर्वजांनी कडुलिंबाच्या काडीवर आयुष्य काढले, त्यांना हे ब्रश आणि ही यंत्रे कुठे होती, असे विचारले जाते. परंपरेचे नाव घेणाऱ्याने परंपरा वाचली पाहिजे. चरकसंहितेत दातवणाचे टोक कुटून मऊ करावे, ते दिवसातून दोन वेळा करावे, आणि करताना हिरडीस इजा होऊ देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे रात्री दात न घासता झोपणाऱ्याला चरकाचा आधार नाही. सुश्रुताने मुखरोगांची गणना करताना दातांचे रोग आठ सांगितले, पण दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, पंधरा सांगितले. हिरडीतून विनाकारण रक्त येऊन ती मऊ पडते, दुर्गंधी सुटते आणि ती झडू लागते, असा शीताद नावाचा रोग त्याने त्या पंधरांत प्रथम वर्णिला. ज्या वैद्याने दोन हजार वर्षांपूर्वी दातापेक्षा हिरडीची चिंता जवळजवळ दुप्पट केली, त्याच्या नावावर आज हिरडीची उपेक्षा खपविणे हा त्याचाच अवमान आहे.

हा सारा वाद केवळ दातांपुरता असता तर कदाचित् इतक्या विस्ताराने लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या अहवालात हिरड्यांच्या गंभीर रोगाने पीडित लोकांची संख्या जगात १०० कोटींहून अधिक, म्हणजे प्रौढांच्या सुमारे १९ टक्के, दिली आहे. मधुमेह आणि हा रोग एकमेकांना पोसतात. साखर अनियंत्रित राहिली की हिरड्या अधिक वेगाने बिघडतात, आणि हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. याच्या उलटही खरे आहे: हिरड्यांवर उपचार केल्याने मधुमेहींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा निर्देशांक सुमारे ०.४३ टक्के बिंदूंनी उतरतो, असे कोक्रेनच्याच २०२२ च्या परीक्षणात दिसून आले. उलव्यात मधुमेहाची गोळी न चुकता घेणारी अनेक घरे आहेत. त्या घरांत हिरडीचे रक्त उष्णतेच्या खात्यावर टाकले जाते तेव्हा त्या गोळीचाही काही अंश वाया जात असतो.

आता करावयाचे काय, ते थोडक्यात सांगता येते. दोन वेळा, त्यांतली एक झोपण्यापूर्वी, मऊ ब्रशाने, निदान दोन मिनिटे. ब्रशाचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे वळवून लहान लहान हालचालींनी, कारण रोग दाताच्या चकाकणाऱ्या पृष्ठभागावर सुरू होत नाही, तो त्या कडेवर सुरू होतो. दातांच्या मध्ये ब्रश पोहोचत नाही, तिथे दोरा किंवा फटीच्या मापाचा बारीक ब्रश. तंबाखू, कोणत्याही रूपातली, बंद. रक्त, दुर्गंधी, हिरडीचे मागे सरणे वा दाताचे हलणे यांपैकी काहीही दिसल्यास खिसे मोजून घेणे. गरोदर स्त्रीच्या हिरड्या अधिक सुजतात म्हणून तिने दात घासणे सोडू नये व डॉक्टरकडे जाणे टाळू नये. धावपळीच्या जीवनात या गोष्टींना वेळ नाही, असे पहाटेची लोकल धरणारे म्हणतील. पण हिशेबच करावयाचा तर रात्रीच्या दोन मिनिटांची तुलना कवळी बसविण्यात गेलेल्या दिवसांशी करावी.

आणि काही कर्तव्य सार्वजनिकही आहे. २०१६ साली पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा तिच्या हद्दीत उलवे आले नाही, आणि तालुक्याच्या ठिकाणी जे आरोग्याचे उपक्रम होतात ते या वसाहतीपर्यंत पोहोचतीलच अशी खात्री नाही. तेव्हा सिडको, गावांच्या ग्रामपंचायती आणि गृहनिर्माण संस्था यांनी जवळच्या दंत महाविद्यालयांशी बोलून शाळांत व गावठाणांत हिरड्यांची तपासणी भरवावी, आणि ती दात किडले आहेत की नाहीत एवढे पाहून न थांबता खिसे मोजणारी असावी. मशेरी सोडू इच्छिणाऱ्या बायांना उपदेशाऐवजी व्यसनमुक्तीची प्रत्यक्ष मदत मिळावी. त्या हे व्यसन हौसेने नव्हे, घरच्या रीतीने शिकल्या आहेत, आणि रीत एकटीने मोडणे कठीण असते.

पूर्वपक्षाची पाचही कलमे तपासून झाली. रक्त उष्णतेचे नाही, किटण पाण्याचे नाही, फटी डॉक्टरने पाडलेल्या नाहीत, आजीचे दात मशेरीने टिकले नाहीत, आणि वय हे कारण नाही. यापुढे ज्याला कोणाला आपल्या भावास, आईस वा शेजाऱ्यास असे सांगावयाचे असेल की रक्त येऊ दे, डॉक्टरकडे जाऊ नकोस, वय झाले आहे, त्याने आपल्या म्हणण्याचा पुरावा द्यावा. पुराव्याचा भार आता त्याच्यावर आहे. तो देता येत नसेल तर त्या सल्ल्याने जाणाऱ्या प्रत्येक दाताची जबाबदारीही त्यानेच घेतली पाहिजे.